हुसेनबीसाठी थंड गाडी

तज्ज्ञांचे दोन वर्ग असतात. काही वस्तू उघडून निदान करतात. काहींना निदान आधीच झालेले असल्यामुळे वस्तू उघडण्याची गरजच उरत नाही. मुळशीत अल्लाबक्षच्या अंगणात पुण्याहून आलेले गृहस्थ निःसंशय दुसऱ्या वर्गातले. त्यांनी नाकाला रुमाल लावून अ‍ॅम्बेसेडरमधल्या गार हवेचे बटण दाबले. वारा आला नाही, कॉम्प्रेसर फिरला नाही. “गेला. नवा बसवावा लागेल, महिना धरा,” असा निकाल त्यांनी दिला. चहा मात्र शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

महिना आणायचा कुठून? दुसऱ्या दिवशी अल्लाबक्षची धाकटी बहीण शहनाज हिचा निकाह होता, आणि त्यांची आई हुसेनबी पुण्याच्या इस्पितळात होती. कित्येक वर्षे तिने माणसे आवाजावरून ओळखली. धाकटी लेक नवरी झालेली डोळ्यांनी बघायची, एवढ्याच हट्टापायी ती मोतीबिंदू काढायला तयार झाली होती. डॉक्टरांनी घरी न्यायची परवानगी दिली. अट एवढीच की टाके घातलेल्या डोळ्यात धूळ जाऊ नये आणि घामही उतरू नये. पौडच्या पुढे रस्ता खणून ठेवलेला, वर सत्त्याऐंशी सालचा मे. काचा बंद आणि आत गारवा असलेली गाडी पंचक्रोशीत एकच होती: अल्लाबक्षने भाड्यासाठी जुन्यात घेतलेली ही. तिच्या आधीच्या मालकाने डॅशबोर्डाखाली गार हवेची पेटी बसवून घेतली होती.

अल्लाबक्षची दुसरी बहीण सुरैया पौडच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायची. तिचा राग आदळआपट करत नसे. तो थंड होता, आणि त्या दुपारी अंगणात तेवढीच एक थंड गोष्ट होती.

“त्यानं बॉनेटमदी हात तरी घातला का, भाई?”

“न्हाई. पर शिकल्याला मानूस हाय त्यो.”

“मी बी शिकल्याली हाय. पाना आन.”

“मास्तरीनबाई, हितं फळा-खडू न्हाई. बिघडलं म्हंजी?”

“बिघडल्यालंच हाय. आनिक काय बिघडंल?”

शेजारची कोंडाबाई लग्नघरी शेळीचे दूध घेऊन आली होती, ती उंबऱ्यावरच टेकली. “लोकं दूध इकत घेत्यात, तुमी थंडी इकत घेतली. ती बी नासली म्हना की.”

सुरैयाने फ्यूज पाहिला, जळालेला. नवा लावला, तोही चटकन जळाला. पेटीतला पंखा आणि बॉनेटखालचा कॉम्प्रेसर एकाच फ्यूजवर होते. म्हणजे गुन्हा दोघांपैकी एकाचा, आणि चौकशीवाचून फाशी कदाचित दुसऱ्याला झालेली. तिने कॉम्प्रेसरची वायर सोडवली, बॅटरीपासून एक वेगळी वायर ओढली. “इंजिन चालू कर.”

वायर टेकताच ‘खट्’ असा आवाज झाला. कॉम्प्रेसर फिरू लागला. सुरैयाने जाड नळीवर तळवा ठेवला. नळी गार होत गेली, मग इतकी गार की हात उचलावा लागला, आणि सोडवेना म्हणून तो परत ठेवावा लागला. गॅसच्या बाटलीवरच्या छोट्या काचेत आधी बुडबुडे दिसले, मग काच नितळ झाली. गॅसही पुरेसा होता.

“भाई, हात लाव.”

अल्लाबक्षने लावला आणि झटक्यात मागे घेतला. “आयला. मढं उठून बसलं की.”

म्हणजे दोष पंख्याकडे. तिने डॅशबोर्डाखालच्या पेटीचे स्क्रू काढले, पेटी जरा कलती केली, आणि तांब्याभर पाणी तिच्या मांडीवर सांडले. हवा गार झाली की तिच्यातला ओलावा थेंबाथेंबाने गळतो. तो गाडीखाली सोडायला एक रबरी नळी असते. ती तुंबली होती, आणि पंखा पाण्यात बुडाला होता. सुरैया छत्रीची काडी घेऊन गाडीखाली शिरली. नळीतून चिंधी निघाली: जांभळ्या लुगड्याचा काठ. घरातल्या कुणालाही ते लुगडे ओळखायला चष्मा लागला नसता.

“अम्माचं,” अल्लाबक्ष म्हणाला.

“व्हय तर,” कोंडाबाई शांतपणे म्हणाली. “दवाखान्यात जायच्या आदल्या दिशी गाडीखाली हात घालून बसली व्हती. टपटप ऐकू आलं तिला. म्हनली, पोराच्या गाडीला गळती लागलीया, त्येला सांगू नगं, जिवाला लावून घील.”

“मग दोन दिस आमी डोकं आपटतूया, तवा बोलायचं न्हाई व्हय?” अल्लाबक्ष उसळला.

“सांगू नगं म्हनली न्हवं ती?”

धरणाच्या काठी राहूनही उन्हाळ्यात ज्या बाईने प्यायचे पाणी डोक्यावरून वाहिले, तिला वाया जाणाऱ्या थेंबाचा आवाज सोसला नसणार.

पंख्याची मोटर छपराच्या तापलेल्या पत्र्यावर वाळत घातली. ती कोरडी होईपर्यंत सुरैया दहादा शिडी चढली असेल. मग तेलाचे बोट, सगळे होते तिथे, आणि नवा फ्यूज. तो टिकला. पेटीने घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि वारा सुटला, गार, सुरैयाच्या घामेजल्या तोंडावर. लग्नघरातल्या बायका पाळीपाळीने आत बसून आल्या. कोंडाबाई कानावरून पदर घेऊन उतरली. “गारठले बया. घोंगडं ठिवा म्हातारीसाठी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्लाबक्ष हुसेनबीला घेऊन आला. गाडीच्या काचांवर धुळीचा लेप होता. काळ्या चष्म्याआड तिचा डोळा कोरडा, स्वच्छ होता. ती उतरली आणि जागीच थबकली. गाडीखाली टपटप चालू होती.

“अगं, कुनी बोळा काढला वाटतं,” ती पुटपुटली आणि खाली वाकू लागली.

सुरैयाने तिचा खांदा धरला. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून बजावले होते. “गळू दे, अम्मा. तिकडं बघ.”

दारात शहनाज उभी होती, हिरव्या चुड्यात, मेंदीचे हात अंगापासून दूर धरून. हुसेनबीने खूप वेळ पाहिले.

“ही माझ्यापरास उंच कवा झाली?” ती म्हणाली. “मला कुनी बोललं न्हाई.”