उन्हातली खुर्ची

मॅडमनी हात वर केला आणि काकांनी लिव्हर सोडला. जमिनीत उतरत चाललेली पोलादी दांडी जागच्या जागी थांबली.

"खडी लागली," मॅडम म्हणाल्या. "अजून रेटलं असतं तर कोन गेलाच होता."

कोन म्हणजे दांडीचं टोक. जमीन त्या टोकाला किती अडवते आणि त्याच्या अंगाला किती घासते, या दोन आकड्यांवरून मॅडम खालची माती ओळखत, चिमूटभरही वर न काढता. अडलं फार आणि त्या मानाने घासलं कमी, की वाळू. उलट झालं, की चिकणमाती. काकांना पूर्वी आकडे लागत नसत. वाळूत दांडी करकरायची, खडीत किंचाळायची, चिकणमातीत मुकाट उतरायची. आताशा त्यांना सगळीच जमीन चिकणमाती वाटत होती.

कान गेले होते, दुसरं काय. बायकोने केव्हाच ओळखलं होतं. "सोयीचं तेवढं बरं ऐकू येतं," ती म्हणायची. पण कामावर कळलं असतं तर मशीन काढून घेऊन त्यांना गोदामात बसवलं असतं, आणि मशीनशिवाय दिवस कसा काढायचा हे काकांना माहीत नव्हतं. नशीब थोर, म्हणून मॅडमना व्हॅनमध्ये गुदमरायचं. लॅपटॉप घेऊन त्या भर उन्हात, बरोबर काकांच्या समोर खुर्ची टाकून बसत. हौस एकेकाची, असं काका मनात म्हणत.

आता दांडी वर काढून कोन सोडवायला पाना सापडेना, म्हणून ते व्हॅनमध्ये डोकावले. आत एसी लावून ड्रायव्हर घोरत होता. गारेगार. इंजिनियरचं, म्हणजे मॅडमचं, टेबल रिकामं होतं. समोरच्या खिडकीतून मशीन दिसत होतं आणि मशीनवरच्या माणसाची फक्त पाठ दिसली असती. आधीचे इंजिनियर इथूनच हाका मारत.

काका पाना न घेताच परत आले.

"मॅडम, कधीपासून ठाऊक आहे?"

त्यांनी न समजल्याचं सोंग केलं नाही. "मागच्या उन्हाळ्यापासून. काका, तुमच्याइतक्या एकसारख्या वेगाने दांडी कुणी उतरवत नाही. वेग हलला की माझे आकडे बिघडतात. कानाचं मशीन बसवून घ्या. तोवर मी आहे इथे."

 

काकांनी मशीनवर स्वतःच्या डोक्यावर लावलेली मोठी छत्री सोडवली आणि मॅडमच्या खुर्चीला बांधली. जरा मागे कलती बांधली. ओठ दिसायला हवे होते.