दसऱ्याचं फूल, मे महिन्याची तारीख

दसरा घरी केला तर श्रीखंड आणि सासऱ्यांचे टोमणे. चिखलदऱ्याला जाऊन साहेबांसाठी एखादं दुर्मिळ रोप आणलं तर नोकरी कायम. मार्तंडानं हिशेब मांडला आणि वळकटी बांधली.

“सणाच्या दिवशी गवत उपटायला?” बायकोनं, यमुताईनं विचारलं.

“गवत नाही गं, पेन्शन उपटायला.”

नागपुरातल्या एका संग्रहालयात तो तीन वर्षं हंगामी कारकून होता. वाळवलेली झाडं जाड कागदावर चिकटवायची आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. अक्षर इतकं देखणं, की वाचणारा मजकूर तपासायचं विसरे.

चिखलदऱ्याच्या कड्यावर त्याला घेरी आली. मोळी विकणारी पंचफुला खाली उतरली, निळ्या फुलांची तीन रोपं मुळासकट घेऊन आली आणि चवन्नी कनवटीला लावून गेली. मार्तंडानं झाडाखाली बसून उंची लिहिली, तीन हजार सहाशे फूट.

नाव मात्र त्यानं साहेबांचं, गणपतरावांचं घातलं. नैवेद्य देवाला दाखवावा, पोटात आपल्याच जातो.

देव खूश झाला. मग त्यानं चिठ्ठी पुन्हा वाचली.

“अहो मार्तंड, दसऱ्याला मी कुठं होतो?”

“इथंच की. सोनं वाटत होतात.”

“अर्ध्या नागपुरानं माझ्या हातून आपट्याची पानं घेतली, आणि तुम्ही मला त्याच संध्याकाळी कड्यावर लटकवलंत?”

नाव बदललं असतं तर भागलं असतं. पण ते दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

“मे महिन्यात आपण सहकुटुंब चिखलदऱ्यालाच होतात ना?” मार्तंड हळूच म्हणाला.

नवी चिठ्ठी झाली. १८ मे. एक कागद कपाटात गेला, दुसरा तपासणीसाठी कलकत्त्याला.

चार महिन्यांनी तिथल्या वनस्पतिशास्त्राच्या पंडितांचं पत्र आलं. या जातीचं फूल पावसाळ्यानंतरच फुलतं. ऐन उन्हाळ्यात फुलणारं म्हणजे नवीनच म्हणायचं. मे महिन्यात स्वतः येऊन पाहतो, आणि खरं निघालं तर त्याला गणपतरावांचंच नाव देऊ. गणपतरावांनी पेढे वाटले. मार्तंडाला कायम करण्याचा मसुदा मार्तंडानंच लिहिला. फक्त सही राहिली.

“परत आलो की करतो,” गणपतराव म्हणाले.

मे महिन्यात तिघंही कड्यावर उभे राहिले. काळा दगड, करपलेलं गवत, बाकी काही नाही. डोक्यावर मोळी घेऊन पंचफुला चालली होती. पंडितांनी तिला कागद दाखवून हिंदीत विचारलं, हे इथं कुठं आहे?

ती हसली. “हे तं दसऱ्याले येते, बाप्पा. वैशाखात इथं गोटेच राह्यतात. मीच तं तोडून देल्लं होतं या बाबूले. काहून गा बाबू, सांगितलं नाही का साहेबाले?”

पंडितांनी गणपतरावांकडे पाहिलं. गणपतरावांनी मार्तंडाकडे.

“चिठ्ठी कोणाच्या अक्षरात आहे?” गणपतरावांनी विचारलं, जसं काही ठाऊकच नव्हतं.

“माझ्या,” मार्तंड म्हणाला. अक्षर नाकारण्याची सोय नव्हती. तसं दुसरं अख्ख्या नागपुरात नव्हतं.

कलकत्त्याला दिलगिरीचं पत्र गेलं: हंगामी कारकुनाची चूक, कारकून कमी केला. जाण्याआधी त्याच्याकडूनच नवी चिठ्ठी लिहून घेतली. तारीख दसऱ्याची.

“गोळा करणाऱ्याचं नाव, साहेब?”

“माझं काढा.”

“मग माझं?”

“कमी केलेल्या माणसाचं?”

“पंचफुलाचं घालू?”

“ती कुठं आपल्या नोकरीत आहे!”

मार्तंडानं शांतपणे लिहिलं: अज्ञात. ते अक्षरही सुरेखच आलं.

पुढच्या दसऱ्याला तो घरीच होता, श्रीखंडाला आणि टोमण्यांना. कड्यावर फूल वेळेवर फुललं. गणपतरावांनी सोनं वाटलं. पंडितांनी खरं सांगितल्याबद्दल पंचफुलाला आणखी एक चवन्नी दिली होती, म्हणजे या व्यवहारात नफ्यात राहिली ती एकटीच. किंमत भरली मार्तंडानं, आणि तिची पावतीही त्यालाच, त्याच सुरेख अक्षरात, लिहावी लागली.