करडईच्या तेलातला आवाज

मंगळवेढ्याकडच्या करडई पिकवणाऱ्यांची एक सोसायटी होती. त्यांच्याकडं येणाऱ्या तेलात खनिज तेल मिसळलेलं असेल तर ते ओळखायचं कसं, असं त्यांनी सोलापुरातल्या एका कॉलेजला विचारलं. रंगावरून नक्की कळत नव्हतं आणि वासावरून नुसते वाद व्हायचे. १९७६ चा उन्हाळा होता. पदार्थविज्ञानाचे विभागप्रमुख मोहिते सर यांनी ते काम सुंदरम्मा म्हेत्रे हिच्याकडं दिलं. ती विभागात सगळ्यात तरुण, आणि क्वार्ट्झच्या चकतीवर काम करणारी तेवढी तीच होती.

ही चकती म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढा, पातळ स्फटिक. तिला ऑसिलेटरची, म्हणजे झपाट्यानं उलटसुलट होणारी वीज दिली की ती इतक्या वेगानं थरथरते, की तो आवाज कुठल्याही कानाला ऐकू येत नाही. पण चकती तेल भरलेल्या काचेच्या पेटीत ठेवली, तर त्या थरथरीनं तेलात दाट-विरळ असे बारीक थर पडतात. त्या थरांमधून सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश आडवा सोडला, की पलीकडच्या दुर्बिणीत एका रेघेच्या दोन्ही बाजूंना पुष्कळ रेघा दिसतात. रेघांमधल्या अंतरावरून तेलातल्या आवाजाचा वेग काढता येतो, आणि वेगावरून तेल कोणतं ते.

पुस्तकात हे सोपं होतं. सोलापूरच्या उन्हात नव्हतं. तेल तापलं की आवाज मंदावायचा आणि रेघा पांगायच्या. सकाळी शुद्ध ठरलेलं तेल दुपारी भेसळीचं ठरायचं. तापमान कायम राखणारं यंत्र पुण्याहून मागवावं असं मोहिते सरांचं मत होतं. ते येईपर्यंत सुंदरम्मानं पेटीभोवती पाण्याच्या नळ्या गुंडाळल्या, ओली पोती लावली, वर पंखा टांगला. पंख्याच्या कंपानंच रेघा थरथरू लागल्या. सरांनी एकदा आत डोकावून पाहिलं आणि ते निघून गेले. त्या दिवशी तिला रडू आलं. एक काचेची पेटी होती, तिचा तिनं कारखाना करून टाकला होता आणि उत्तर काही मिळत नव्हतं.

मग एके दिवशी रेघा फाटल्या. मधली रेघ जागेवर होती, पण कडेच्या प्रत्येक रेघेच्या दोन झाल्या होत्या. चकतीला तडा गेला असं समजून तिनं ती काढून भिंगाखाली पाहिली. चकती धड होती. परत बसवताना तिच्या हाताला मागच्या बाजूला तेल लागलं.

चकती पेटीच्या मधल्या पडद्यात लाखेनं बसवलेली असे. पुढं तेल भरायचं आणि मागचा कप्पा कोरडा ठेवायचा, म्हणजे सगळा आवाज पुढं जातो. उन्हानं लाख मऊ पडली होती आणि आदल्या दिवशीचं शुद्ध तेल पाझरून मागच्या कप्प्यात साठलं होतं. पुढच्या कप्प्यात त्या दिवशी तिनं खनिज तेल घालून मुद्दाम केलेलं मिश्रण होतं. चकती दोन्हीकडं गात होती. दोन तेलांत दोन वेगांनी तो आवाज पसरत होता, आणि दोन्ही कप्प्यांतून जाणाऱ्या प्रकाशानं दोन्ही एकावर एक रेखून ठेवले होते.

सुंदरम्मानं लाख नीट बसवली आणि दोन्ही कप्प्यांत एकच शुद्ध तेल भरलं. रेघा एक झाल्या, पहिल्यापेक्षा उजळ. मग तिनं नळ्या सोडल्या, पोती काढली, पंखा उतरवला. पेटी उचलून व्हरांड्यात उन्हात ठेवली आणि दोन्ही तेलं चांगली तापल्यावर आत आणली. रेघा पांगल्या होत्या, पण दोन्ही तेलांच्या बरोबरीनं. एकही फुटली नव्हती. तापमान आता मोजायलाच नको होतं. ज्या तेलाशी तुलना करायची, ते शेजारच्या कप्प्यात तेवढंच तापत होतं. स्टुलावर बसून ती कितीतरी वेळ नुसती त्या पेटीकडं बघत राहिली.

त्याच दुपारी तिचे वडील तिप्पण्णा डबा घेऊन आले. सकाळी ती न जेवताच निघाली होती. तिप्पण्णांचा सगळा जन्म गिरणीत मागांच्या खडखडाटात गेला होता आणि त्यात त्यांचे कान गेले होते. समोरच्याचे ओठ बघून ते बोलणं ओळखत, स्वतः मात्र जरा मोठ्यानं बोलत; लेकीला ते लाडानं 'अव्वा', म्हणजे आई म्हणत. लेकीनं डबा बाजूला ठेवला, त्यांना धरून दुर्बिणीपाशी बसवलं आणि अंधार करण्यासाठी खिडकीचा पडदा ओढला. अंधारात ओठ दिसेनात, म्हणून तिनं त्यांचा हात ऑसिलेटरच्या बटणावर ठेवला.

त्यांनी बटण फिरवलं. एका रेघेच्या दोन्ही अंगांनी रेघा उमलल्या. उलटं फिरवलं, मिटल्या. त्यांनी ते पुन्हा पुन्हा केलं. मग उठून स्वतःच पडदा सारला आणि तिच्या तोंडाकडं बघत विचारलं, "काय हाय ह्ये?"

"आवाज हाय, अप्पा. तेलातला."

"तुला ऐकू येतोय?"

"न्हाय."

"मग कुनाला येतोय?"

"कुनालाच न्हाय. दिसतो नुसता."

तिप्पण्णांनी पेटीकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं आणि पडदा परत ओढून ते दुर्बिणीपाशी जाऊन बसले. बऱ्याच वेळानं अंधारातून त्यांचा मोठा आवाज आला, "म्हंजे हितं आपण दोगं सारकंच की, अव्वा."

सुंदरम्मा काही बोलली असती तरी अंधारात त्यांना ते दिसलं नसतं. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते बटण फिरवत राहिले.

पुढच्या आठवड्यात मोहिते सरांनी सोसायटीच्या लोकांना बोलावलं. त्यांच्याबरोबर गोजरबाई नावाची एक शेतकरीण होती. तिचं तेल काळपट होतं, म्हणून सोसायटीनं ते भेसळीचं ठरवून नाकारलं होतं. तिचं म्हणणं एकच होतं, की बी भाजताना जास्त झालं, दुसरं काही नाही. मागच्या कप्प्यात शुद्ध तेल ठेवून सरांनी आधी पुढच्या कप्प्यात खनिज तेल घातलेलं मिश्रण लावलं आणि सगळ्यांना आळीपाळीनं दुर्बिणीतून फाटलेल्या रेघा दाखवल्या. मग पुढचा कप्पा धुऊन त्यात गोजरबाईचं तेल भरलं. सर स्वतः वाकून बघत होते. कडेची शेवटची रेघ सगळ्यात आधी फुटते, हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते तिच्यावरच नजर रोखून होते. शेवटी ते मागं सरले आणि म्हणाले, "एकच आहे. तेल चोख आहे बाईचं." मग ते सुंदरम्माकडं वळले. "म्हेत्रे बाई, मी तुम्हाला आणखी एक यंत्र देणार होतो. तुम्ही उलट, होतं तेही काढून टाकलंत."

सोसायटीचे लोक आपसात बोलू लागले, गोजरबाईचं तेल घ्यायचं ठरलं. गोजरबाईला मात्र त्या रेघा बघायच्या होत्या. पदर सावरून ती दुर्बिणीला डोळा लावून बसली ती उठेचना.

"ह्ये समदं तेलात आदीपासनंच असतं व्हय?" तिनं विचारलं.

सुंदरम्मा म्हणाली, की थर आपण पाडतो, पण ते कसे पडायचे हे त्या तेलावरच असतं. प्रत्येक पदार्थाची आपली एक चाल असते.

"पान्याचीबी?"

"पाण्याचीबी."

गोजरबाईनं मान हलवली आणि एस.टी. चुकेल म्हणून ती लोकांबरोबर निघून गेली. सगळे गेल्यावर सुंदरम्मानं पेटी साबणानं धुतली, दोन्ही कप्प्यांत नळाचं साधं पाणी भरलं आणि दिवा लावला. तपासायचं काहीच नव्हतं. तिला फक्त बघायचं होतं.