ओट्यावरचं रक्त

शुक्रवार पेठेतल्या गुरम्माच्या खानावळीत त्या दुपारी जेवणारं कुणी नव्हतं, तरी पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी गल्ली स्वयंपाकघराच्या दारात माना उंचावून उभी होती. घरोघरी वास्तुदोष काढत फिरणाऱ्या महेश्वर महाराजांनी कोरं पांढरं फडकं ओट्यावरून फिरवलं, गडूतलं तीर्थ शिंपडलं आणि फडकं लालभडक झालं!

"रक्त! ही वास्तू अन्न नासवते आहे!" महाराज गरजले.

गुरम्मा ओट्यापासून दोन पावलं मागं सरली. आठवड्यात सहा गिऱ्हाइकं जुलाबानं आडवी झाली होती. परवान्याच्या नूतनीकरणासाठी पाण्याचा तपासणी अहवाल हवा होता. तो काय येईल या धास्तीनं तिनं नमुनाच दिला नव्हता.

महाराजांनी दुसऱ्या गडूतलं तीर्थ शिंपडलं. लाली उतरली.

"दोष गेला! आता परवान्याच्या जागी हे ताम्रयंत्र टांग. अधिकारी उंबरा ओलांडणार नाही. जंतूसुद्धा माझ्या परवानगीशिवाय वळवळत नाहीत!"

लोकांनी हात जोडले. गुरम्माचेही जुळत होते, तेवढ्यात भाकऱ्या थापणारी शिवबाई पुढं आली.

"रगत कसलं, महाराज? हळद हाय की ती! माज्या लुगड्यावर सांडली अन् साबण लावला, की अशीच लाल होतीया."

"देवाची परीक्षा घेतेस?"

"देवाची न्हाय, फडक्याची."

तिनं धुतलेल्या फडक्याला हळद चोळली, धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकलं. लाल! वर लिंबू पिळलं. पुन्हा पिवळं!

गुरम्मानं महाराजांचा पहिला गडू उचलला आणि हळद न लागलेल्या स्वच्छ फडक्यावर उपडा केला. फडकं नुसतं ओलं झालं. एका गडूत सोडा, दुसऱ्यात लिंबू, आणि हळद तर प्रत्येक ओट्यावर असतेच. मग दोष घरोघरी निघणार नाही तर काय! गर्दी हसायला लागली, तसे महाराज मागच्या दारानं सटकले.

गुरम्मा मात्र हसली नाही. ती गच्चीवर गेली. टाकीचं झाकण फुटलेलं, आत कबुतराची पिसं तरंगत होती. तिनं खानावळ बंद ठेवली, टाकी घासून घेतली, नवं झाकण बसवलं, पाण्याचा नमुना दिला. महिन्याभरानं परवाना आला.

"आता निर्धास्त झालीस!" शेजारी म्हणाले.

"निस्त्या कागदानं जुलाब थांबत न्हाईत," गुरम्मा म्हणाली. "जेवायच्या आधी आत या, टाकी बघा, मला इचारा. अन् इचारल्यावर ज्याला राग येतो, त्याच्याकडं जेवू नका. मग तो खानावळवाला असू दे, न्हाईतर महाराज."