जानेवारीतलं लग्न

पाद्रीबुवा स्वतः चहा-केक घेऊन आले, तेव्हाच विनिफ्रेडबाईंच्या मनात पाल चुकचुकली. सरदार घराण्यांच्या वंशावळी तपासण्यात त्यांचे केस पिकले होते. असले पाहुणचार त्यांना चांगले ठाऊक होते.

"हे बघा!" लायनेल थ्रीव्हनं चर्चच्या विवाहनोंदवहीवर बोट ठेवलं. "आमच्या मूळपुरुषाचं लग्न, जानेवारी १७४०. म्हणजे त्याचा मुलगा औरस, आणि घराण्याची 'सर' पदवी माझी!"

नोंद पानाच्या अगदी तळाशी होती. अक्षर जुन्या वळणाचं, शाई फिकट. बाईंनी वरच्या ओळी वाचल्या, पान उलटून पुढचं पाहिलं.

"त्या काळी आपल्या इंग्रजांकडे नवं वर्ष कधी लागायचं हो, मिस्टर थ्रीव्ह?"

"एक जानेवारीला. आणखी कधी?"

"पंचवीस मार्चला. तोवर जुनंच साल चालायचं. म्हणून इथल्या जानेवारीतल्या बाकी सगळ्या लग्नांपुढे १७३९ आहे. पुढच्या पानावर फेब्रुवारी, तिथेही १७३९च. अख्खं गाव एकोणचाळीस सालात, आणि तुमचा मूळपुरुष तेवढा एकटाच पुढच्या सालात जाऊन बोहल्यावर चढला?"

लायनेलनं पाद्रीबुवांकडे पाहिलं.

पाद्रीबुवांनी केकची बशी हळूच मागे ओढली.