सहावं घर

मी रिव्हॉल्वर बोलतेय. माझं कोणी खरं मानलं नाही. शेरीफने मानलं नाही, चर्चमधल्या बायकांनी मानलं नाही, ऑरिनच्या सख्ख्या बहिणीनेही नाही. माझ्या अंगावर ढळढळीत खूण होती. पण ती बघायची कोणाला गरजच वाटली नाही. सगळ्यांचं आधीच ठरलं होतं.

ऑरिनने स्वतःला संपवलं, म्हणे. मी त्याच्या कमरेला होते. मला विचारा.

माझा जन्म पूर्वेकडच्या कारखान्यातला. काडतुसांसाठी सहा घरांची चक्री, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, अंगठ्याने मागे ओढायचा घोडा. तो घोडा खाली बसला की त्याचं टोक थेट समोरच्या काडतुसाला टेकतं. नव्या बंदुकांत मध्ये अडसर असतो, माझ्यात नाही. म्हणून जुनी माणसं माझी पाचच घरं भरायची आणि घोडा सहाव्या, रिकाम्या घरावर बसवायची. पडले-आपटले तरी मग बार उडत नाही. ज्याच्या घरी माझ्यासारखी असायची, त्याला हे पाठ असायचं.

पाच मालक झाले माझे. चौघे पुरुष. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पाचवी व्हर्ना.

मोन्टानातल्या आमच्या गावी वसंतात जत्रेच्या मैदानावरच्या शेडमध्ये बंदुकांचा बाजार भरतो. पुरुष टेबलाटेबलांवरून फिरतात, बायका त्यांची जाकिटं सांभाळत उभ्या राहतात. व्हर्ना मात्र आली ती जाकीट नवऱ्याच्या, ऑरिनच्या हातात देऊन. शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं काढलेली बाई. स्वतःची म्हणून एक वस्तू तिला हवी होती. रविवारी गोळीने रिकामे डबे उडवायला, आणि पुढेमागे अशा चार-पाच जमवायला.

हॅस्किन्स नावाचा विक्रेता होता. त्याने तिच्यापुढे एक छोटी, चकचकीत, नवी ठेवली. "बाईंच्या हाताला ही शोभेल."

"मी शोभेसाठी नाही आले," व्हर्ना म्हणाली. "ती दाखवा. ती जुनी."

हॅस्किन्सने ऑरिनकडे बघितलं. "शिकायचं असेल तर नवी घ्यावी, जमवायचं असेल तर जुनी. काय म्हणता साहेब?"

"मला काय विचारता? पैसे तिचे आहेत," ऑरिन हसला.

व्हर्नाने मला उचललं. तिचा हात खरखरीत होता, गरम भांडी धरून राठ झालेला. माझी मूठही झिजलेली. आमचं जमलं.

ती पलीकडच्या टेबलावर सरकारी फॉर्म भरायला गेली. तेवढ्यात हॅस्किन्स ऑरिनला म्हणाला, "जुनी आहे. पाचच भरा. घोडा रिकाम्या घरावर."

"माहीत आहे," ऑरिन म्हणाला.

"बाईंना सांगून ठेवा."

"ती हात लावेल तेव्हा मी असेनच की शेजारी."

तो वाईट नव्हता हो. रविवारी कुंपणाच्या लाकडावर डबे मांडायचा, मला स्वतः भरून व्हर्नाच्या हातात द्यायचा. तिचा नेम चांगला होता. एकदा तिने विचारलं, "सहावी का नाही घालत? गोळ्यांत कसली काटकसर?"

"असू दे. पाच पुरे तुला."

"मला पुरे? तुझ्या हरण्याला पुरे म्हण."

दोघं हसले. बोलणं तिथेच राहिलं.

मग दोन वर्षं पाऊस नाही. ऑरिनने उरलेल्या गाई विकल्या आणि तो गप्प झाला. जेवणावर गप्प, चर्चमध्ये गप्प. ऑगस्टमध्ये टेकडीकडचं कुंपण तुटलं. तिकडे साप फार, म्हणून त्याने मला भरून कमरेच्या चामडी पट्ट्यात अडकवलं आणि पट्टा दाराशी टांगला. तो बूट शोधत होता, तेव्हा व्हर्नाने चक्री फिरवून बघितली. एक घर रिकामं.

"एक जास्त असलेली बरी," ती स्वतःशीच म्हणाली आणि सहावं काडतूस घातलं. माझ्यावर फडकंही फिरवलं. मी ओरडायला हवं होतं. मला तोंड आहे, पण ते एकाच कामाचं.

ऑरिनने पट्टा बांधला. पाच आपणच भरल्यात, मग परत कशाला बघायचं?

टेकडीवर तो तार ओढायला वाकला. मी पट्ट्यातून निसटले आणि दगडावर आपटले, नेमकी घोड्यावर; आणि घोड्याखाली आता रिकामं घर नव्हतं. झालं. गोळी खालून वर गेली, बरगडीत. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. काय झालं ते त्याला कळलं होतं. सांगायला जवळ कोणी नव्हतं.

शेरीफ तरुण होता, नव्या बंदुकांवर शिकलेला. "चाप ओढल्याशिवाय गोळी सुटत नाही," म्हणाला. गाई गेल्या, माणूस गप्प झाला, आणखी काय पाहिजे? कागदावर आत्महत्या लिहून टाकलं. ऑरिनच्या बहिणीने व्हर्नाला तोंडावर विचारलं, "घरात असं काय केलंस त्याला?"

तेव्हापासून व्हर्ना तेच स्वतःला विचारत होती. कॉफी दोन कप करायची, दुसरा कप समोर ठेवून म्हणायची, "माझं काय चुकलं ते तरी सांगून जायचं." मी कपाटात. तिच्यापासून चार हातांवर.

या वसंतात ती मला विकायला परत त्याच शेडमध्ये घेऊन आली. मिसेस ब्रूबेकर म्हणून एक म्हातारी आहे, चाळीस वर्षं माझ्यासारख्या जमवतेय. तिने भिंग लावलं आणि घोड्यावरचा चरा बघितला.

"ही दगडावर पडलीय, पोरी. भरलेली होती का?"

"होती."

"पाच भरलेल्या असतील तर काही होत नाही. पाचच होत्या ना?"

व्हर्नाने टेबलाची कड धरली. "पाचच का?"

म्हातारीने समजावलं. दोन मिनिटं लागली. तेवढंच लागतं.

व्हर्ना मला घेऊन हॅस्किन्ससमोर उभी राहिली. "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं बाई. तुमच्या मिस्टरांना."

"बंदूक कोणी घेतली होती?"

तो खाली बघून काडतुसांचे डबे सरळ करायला लागला.

तिने मला विकलं नाही. आता मी पिकअपमध्ये तिच्या शेजारच्या सीटवर आहे, रिकामी. गाडी अजून सुरू झालेली नाही. एवढंच मागणं आहे माझं: जुनी घेत असाल तर पाच भरा, आणि का ते घरातल्या प्रत्येकाला सांगा. बायकोला आधी.

व्हर्ना बराच वेळ रडली. "तू मला सोडून नाही गेलास," म्हणाली. मग बोटं उघडून बघितली, ज्या बोटांनी सहावी घातली ती. म्हातारीने निघताना बजावलं होतं, स्वतःला दोष देऊ नकोस. शेरीफला, हॅस्किन्सला शिव्या देऊन झाल्या. मग ती माझ्यावरून हात फिरवत, रागाने, अगदी हळू म्हणाली,

"एक वाक्य होतं रे. मला सांगायचंस ना, ऑरिन."