केरबाच्या बोअरचं सोनं

हे ऐकून कुणाचाच विश्वास बसणार नाही, तुमचा तर नाहीच नाही. जन्मभर थापा मारणारा केरबा धनगर एके दिवशी छातीवर हात ठेवून खरं बोलला, आणि नेमकं तेच कुणी खरं मानेना.

कवठे महांकाळच्या माळावर, भर उन्हात, तो आपल्या बोअरपाशी उभा होता. दोन वर्षांपूर्वी मारलेलं चारशे फुटांचं बोअर. महिना एप्रिलचा. आसपासच्या विहिरींनी तळ दाखवलेला, आणि केरबाची ऐंशी मेंढरं या एकाच पाण्यावर तगलेली. पंप उपसून बाजूला पडला होता, आणि बोअरच्या तोंडाशी सुरुंगवाला जिलेटिनच्या कांड्या दोरीला बांधत बसला होता. बार उडाला की खालची पाणी देणारी भेग ढासळणार. मग पाणी कुठं तोंड वळवेल ते बिरोबालाच ठाऊक.

सुरुंगवाल्याला आणलं होतं कोरेगावच्या उदयसिंह सुभेदारांनी. फौजेतून निवृत्त, मागं वीस एकर रान. दिवाळीनंतर केरबाची मेंढरं खतासाठी त्यांच्या रानात बसायची, ही बापापासूनची रीत. गेल्या साली मात्र कधी नव्हे ते केरबानं मेंढरं परस्पर दुसऱ्याच्याच शिवारात नेली. तो राग सुभेदारांच्या पोटात अजून धुमसत होता.

राग निवावा म्हणून केरबानं यंदा सुभेदारांकडं गेल्या गेल्या थाप सोडली होती.

"सुभेदार, माझ्या बोअरला गरम पाणी लागलंय. पहिल्या बादलीत पिवळं सोनं आलं! निम्मं तुमचं. बोअर फोडा न्हाईतर काय बी करा, मी आडवा येणार न्हाई."

वर भंडारा उचलून बिरोबाची आणही घेतली. खरं एवढंच, की थंडीत बोअरचं पाणी कोमट लागतं, आणि पहिल्या पाण्याला केरबाच्या बायकोनं, दगडाबाईनं, मूठभर भंडारा वाहिला होता. पिवळं आलं ते हळदीचं.

एरवी सुभेदारांनी हसून सोडून दिलं असतं. पण त्यांची लेक राजेश्वरी विश्रामबागेतल्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकते. ती म्हणाली, "पप्पा, असं होतं खरं. ज्वालामुखीच्या मुलखात जमिनीखालचं पाणी तापतं, त्यात गंधक असतं. ते पाणी सोनं विरघळवून वर आणतं. वर येताना दाब कमी झाला की पाणी उकळतं आणि सोनं भेगेतच सोडून देतं."

"आपला काळा दगडबी लाव्ह्याचाच न्हवं?"

"हो, पण तो केव्हाच..."

'पण'च्या पुढचं सुभेदारांनी ऐकलंच नाही.

"सुभेदार, पाया पडतो," केरबा आता म्हणत होता, "सोनं न्हाई हो. हळद हाय ती."

"आता हळद व्हय? सगळं एकट्याला पायजे म्हून? भंडारा उचललायस गड्या, इसरू नको."

तिथंच तर गोम होती. भंडारा उचलून दिलेला शब्द धनगराला मोडता येत नाही. 'फोडू नका' म्हणायची सोय नव्हती. सुभेदारांनी आपणहून नाद सोडला तरच बोअर वाचणार. खऱ्यानं काही साधेना, तेव्हा केरबानं ठरवलं, आता अशी ठोकायची की त्यांच्याच तोंडून 'खोटं' निघालं पाहिजे.

"बरं, सांगतो खरं. पाइपात इतकं सोनं साचलं, की पाइप चोंदला आन् पंप पाणी ओढंना!"

सुभेदारांनी शेजारी उभ्या लेकीकडं पाहिलं.

"होतं तसं," राजेश्वरी म्हणाली. "न्यूझीलंडमध्ये गरम पाण्याच्या पाइपांत सोनंचांदी बसलेली सापडलीय."

सुरुंगवाल्यानं पहिली कांडी आत सोडली.

"ती निलगिरी बघा! तिच्या पाल्यात सोनं उतरलंय!"

"ऑस्ट्रेलियात सापडलंय, पप्पा, निलगिरीच्या पानांत. अगदी कणभर, पण..."

"ऐकलंस रं?" सुभेदारांचे डोळे लकाकले. "सोड दुसरी."

केरबाला दरदरून घाम फुटला. साठ वर्षं थापा मारल्या, एक खरी निघाली नव्हती. आज एक खोटी निघेना!

सुरुंगवाला वायर उलगडत बाभळीआड गेला. "मागं व्हा सगळी!" दगडाबाई मेंढरं हाकता हाकता ओरडली, "आवं, बोला की कायतरी! एरवी तोंड मिटत न्हाई तुमचं!"

केरबानं एकदा पोरीकडं पाहिलं, एकदा सुभेदारांकडं. जगातलं सगळं पोरीला ठाऊक. पण सुभेदारांच्या रानातलं? आणि त्यानं त्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

"सुभेदार, हितं कशाला फोडताय? ही मेंढरं हेच पाणी पित्यात. त्यांच्या लेंड्यांत सोनं पडतंय. गेल्या साली पंधरा राती तुमच्या रानात बसली न्हवं का? घरी जावा आन् रान उकरा. सोनं तितंच हाय!"

सुरुंगवाल्याचं बोट बटणावर होतं. सुभेदारांच्या मानेची शीर टरारून फुगली. हात वर गेला.

"थांब रं! गेल्या साली? माझ्या रानात? आरं खोटारड्या, गेल्या साली तुझी मेंढरं माझ्या बांधालासुदीक शिवली न्हाईत! समदंच खोटं तुझं! काढ रं त्या कांड्या वर!"